वाढीव गुणांची भीती

माझ्यासमोरच्या खुर्चीत बसायला माणसं घाबरतात. रक्त काढायचं नसतं, सुई टोचायची नसते. टेबलावर एक कागद, एक पेन्सिल आणि हल्ली एक टॅबलेट, एवढाच काय तो सरंजाम. तरी भल्याभल्यांचे तळहात ओले होतात. साखर वाढली, गुडघे गेले, मोतीबिंदू झाला, हे माणूस चारचौघांत सांगतो, थोडं मिरवतोसुद्धा. पण "जरा स्मरणशक्ती तपासू या" म्हटलं की त्याच्या तोंडचं पाणी पळतं. माझ्याही पळतं, हे मात्र मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मी मानसशास्त्रज्ञ. आमच्या आदिलाबादेत या शब्दाचं भाषांतर 'येड्यायची डॉक्टरीण' असं होतं आणि ते मी केव्हाच मान्य करून टाकलं आहे. उतारवयातला माणूस नुसता विसराळू झालाय की त्याला खरोखर स्मृतिभ्रंशाचा आजार लागलाय, हे चाचणी घेऊन सांगायचं, हे माझं काम. नोकरी संपली, पण काम सुटलं नाही. एका संस्थेच्या तपासणी शिबिरांसाठी मी अजूनही उटनूरकडे जाते.

चाचणी तशी साधी. मी तीन शब्द सांगते, ते समोरच्याकडून म्हणवून घेते, मग भलतंच काही विचारत बसते. आज वार कोणता, शंभरातून सात गेले किती उरले, घड्याळ काढून त्यात काटे दाखवा. आणि मग सहज विचारावं तसं विचारते, मघाचे तीन शब्द कोणते होते? यानंतर जी शांतता पसरते तिची सवय मला इतक्या वर्षांत झालेली नाही. समोरचा माणूस छताकडे बघतो, त्याची बायको त्याच्याकडे बघते, आणि मी टेबलाकडे बघते, कारण माझ्या चेहऱ्यावरून त्यांना काही कळू नये असं मला वाटत असतं.

ही चाचणी शहरातल्या, शाळा शिकलेल्या माणसांवर बेतलेली. ती घेऊन मी आमच्या भागात हिंडायला लागले तेव्हा निम्मा जिल्हा आजारी ठरायची वेळ आली. सीमेवरच्या एका गावातून राधाबाई नावाची कापूस-ज्वारी करणारी म्हातारी आली होती. राज्य कोणतं विचारलं, तर म्हणाली, "पयले आंध्र होतं, आता तेलंगाना म्हनते, अन् माह्या लेकी समद्या महाराष्ट्रात देल्ल्या. तुमाले कोनतं पायजे ते लिवून घ्या." घड्याळ काढायला पेन्सिल दिली तर तिनं ती खुरप्यासारखी मुठीत धरली. वजाबाकीला तर हातच जोडले. पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे ती आजारी होती. म्हातारी भ्रमली असं धरून घरच्यांनी तोवर तिच्या हातून चूल काढून घेतली होती, शेतात जाणं बंद केलं होतं, आणि रिकाम्या बसलेल्या म्हातारीचे डोळे खरोखरच विझत चालले होते. बाईचं काहीही बिघडलेलं नव्हतं. ती शाळेत गेली नव्हती, एवढाच तिचा आजार.

म्हणून गुणांत फेरफार करायची पद्धत आहे. ज्याला शाळा मिळाली नाही, चाचणीची भाषा ज्याच्या घरची नाही, त्याच्या गुणांत काही गुण वाढवून द्यायचे, म्हणजे त्याची तुलना त्याच्यासारख्यांशीच होते. शिकलेल्याला उलट कडक माप. एक निवृत्त हेडमास्तर आले होते. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाले, "आंबा, खुर्ची, रुपया." त्यांच्या मित्राची चाचणी आधी झाली होती आणि तिथून पेपर फुटला होता. मी शब्द बदलले तर मास्तर चिडले, "सिलॅबसच्या भायेरचं विचारता काय, मॅडम?" त्यांचे गुण आजाराच्या रेषेच्या वरच होते, पण एवढ्या शिकलेल्या माणसाला ते कमी होते. आजार निघाला. जाताना मास्तरांनी दारातून वळून विचारलं, "पुन्हा बसता येते का परीक्षेले?" मी हसले, आणि ते गेल्यावर बराच वेळ पुढच्या माणसाला आत बोलावू शकले नाही.

या वाढीव गुणांसाठी मी पुष्कळ भांडले आहे. बैठकांत, पत्रांत, कधी चहाच्या टपरीवर डॉक्टरांशी. त्यामुळे संस्थेनं टॅबलेट आणले आणि त्यात वय, शिक्षण, भाषा भरलं की यंत्र आपोआप गुण वाढवून देतं असं सांगितलं, तेव्हा मला आनंदच झाला. पण त्यात आणखी एक रकाना होता, 'समूह'. तिथं 'आदिवासी' असं बटण दाबलं की आणखी गुण मिळायचे. गोंड, कोलाम, परधान, सगळे त्या एका बटणात. टॅबलेट शिकवायला आलेल्या मुलाला मी विचारलं, "शाळेचं एकदा विचारलंय ना, मग पुन्हा हे कशाला?" तो म्हणाला, "मॅडम, सरासरी तशीच येते." सरासरीपुढे कोण बोलणार? शेवटी यंत्र हिरवी पट्टी दाखवतं किंवा लाल. हिरवी म्हणजे ठीक, लाल म्हणजे दवाखाना.

त्या दिवशी उटनूरला आठवडी बाजार होता. शिबिर रस्त्यालगतच्या एका भाड्याच्या घरात. जंगू पटेल आत आले ते खाली वाकून, कारण त्यांचं पागोटं दाराच्या चौकटीला लागत होतं. जंगलातल्या एका गोंड गावाचे ते पटेल, म्हणजे गावचे प्रमुख. भांडणतंटे त्यांच्यापुढे मिटायचे. मागून सून आली, सुगुणा, आणि तिच्या कडेवर नात. नातीला सगळे चिन्नी म्हणत. खाली सोडल्यावर ती तडक आजोबांकडे गेली आणि त्यांचं बोट धरून उभी राहिली.

सुगुणाला आश्रमशाळेत शिक्षिकेची नोकरी मिळाली होती. नवरा हैदराबादकडे गाड्या चालवायला, सासू वारलेली. सासऱ्यांना ती मामाजी म्हणे. तिनं पटेल खुर्चीत नीट बसेपर्यंतही दम धरला नाही.

"मॅडम, मी शाळेत जाईन तं पोरगी दिवसभर मामाजीपाशी राहीन. ते तिले घेऊन शेळ्या चारासाठी नाल्याकाठी जाते, जंगलात जाते. लय जीव हाय त्यायचा तिच्यावर." मग आवाज खाली आणून, "पन मांगं एक दिवस भलत्याच वाटेनं घरी आले. इचारलं तं म्हने, मुद्दाम आलो. तुमी एक डाव पाहून सांगा, काई नाई म्हून. मंग माह्या जीवाले घोर नाई."

'काही नाही' हे ऐकायलाच ती आली होती. ते मलाही म्हणायचं होतं.

आधी आमची नर्स सोनी रक्तदाब घ्यायला आली. तीही गोंडच. पटेलांनी रीतीप्रमाणे विचारलं, "किती देवाची हायस, बाई?" गोंडांमध्ये नावाच्याही आधी हे विचारतात. प्रत्येक कूळ चार, पाच, सहा किंवा सात देवांचं असतं. समोरचा तुमच्याच देवसंख्येचा निघाला तर तो भाऊबंद, त्याच्याशी सोयरीक म्हणजे बहीणभावाचं लग्न लावल्यासारखं पाप. वेगळा निघाला तर सोयरा, त्याच्याशी थट्टा चालते. सोनी म्हणाली, "सहा देवाची." पटेल खूश झाले. "मंग आमच्यातलीच. लेक हायस तू माही."

मी टॅबलेट भरू लागले. पटेलांनी मान पुढे केली. "काय लिवून राह्यल्या?"

"तुम्ही आदिवासी म्हणून लिहिते. त्याचे गुण वाढवून मिळतात."

"काऊन? आमाले डोकं कमी देल्लं का देवानं?"

"डोकं भरपूर दिलं, पटेल. शाळा द्यायला सरकार विसरलं."

ते मोठ्यानं हसले. मीही हसले, पण त्यांचा प्रश्न काही माझ्या मानगुटीवरून उतरला नाही.

चाचणी सुरू झाली आणि मला वाटलं, चला, आज लवकर सुटका. पटेल शाळेत गेले नव्हते, पण आयुष्यभर कचेरीच्या पायऱ्या चढले होते. वार सांगितला, तारीख सांगितली, तिथीसुद्धा सांगितली. शंभरातून सात, मग पुन्हा सात, बोटं न मोडता सांगत गेले. घड्याळ काढलं ते माझ्यापेक्षा गोल. मग मी विचारलं, "पटेल, मघा मी तीन शब्द सांगितले होते. पळसपासून सुरू होत होते..." मी मुद्दाम पहिला शब्द पुरवला.

"कोनते शब्द?"

"तुम्ही माझ्यामागून म्हटले होते."

ते माझ्याकडे मायेनं बघत राहिले. "बाई, तुमी सांगतलेच नाई. होते असं. दिवसभर मानसं येते तुमच्याकडं, इसरते मानूस."

त्यांनी माझं सांत्वन केलं. शब्द आठवला नाही तर माणूस चाचपडतो, आठवायला बघतो. इथं चाचपडणंही नव्हतं. त्यांच्या लेखी ती गोष्ट घडलीच नव्हती.

मी शेवटचं बटण दाबलं. पट्टी हिरवी आली.

सुगुणानं ती बघितली आणि तिचा चेहरा असा उजळला की मला मान वर करवेना. तेवढ्यात सोनी पाण्याचा पेला घेऊन आली. पटेलांनी तिच्याकडे बघितलं, नव्यानं कोणी आलं म्हणून बघावं तसं.

"किती देवाची हायस, बाई?"

सोनी थबकली. "सहा देवाची, बाबा."

"बेस पोरगी हाय," पटेल डोळे मिचकावत म्हणाले. "माह्या पुतन्यासाठी मांगून नेतो तुले. येतेस का आमच्या घरी?"

सोनीनं पेला टेबलावर ठेवला आणि खाली बघत बाहेर गेली. सुगुणा हसली, फार मोठ्यानं हसली, आणि हसता हसता तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. मी गोंड नाही, पण या भागात म्हातारी झाले आहे. सहा देवांचा पटेल सहा देवांच्या मुलीला घरात सून म्हणून मागतो, ही थट्टा कोणताही गोंड भांग पिऊनसुद्धा करणार नाही. ज्या माणसानं साऱ्या गावाच्या सोयरिकी जुळवल्या, मोडल्या, त्याच्या तोंडून ते आलं होतं. आणि त्याला कळलंही नव्हतं.

मी पटेलांना म्हटलं, तुम्ही जरा बाहेर सावलीत बसा, मी सुगुणाशी बोलते. चिन्नीनं त्यांचं बोट धरलं आणि दोघं ओसरीवरच्या बाकावर जाऊन बसले. खिडकीतून त्यांचं पागोटं दिसत होतं.

"मॅडम, यंत्र तं हिरवं दाखवते," सुगुणा आधीच म्हणाली.

"यंत्राला पटेल माहीत नाहीत, बाई." मी तिला टॅबलेटवर एकेक प्रश्न दाखवला. "हे बघ. वाढीव गुण दिले कशासाठी? शाळा न शिकलेली माणसं तारीख, हिशेब, घड्याळ यांत चुकतात, त्याची भरपाई म्हणून. तुझे सासरे तिथं चुकलेच नाहीत. ते चुकले फक्त आठवणीत, आणि तिथं सगळेच गुण गेले. आठवणीला शाळा लागत नाही गं. पण यंत्र बेरीज बघतं. न झालेल्या नुकसानीची भरपाई खऱ्या नुकसानीवर जाऊन बसली आणि ते झाकलं गेलं."

"थकले असन ते. सकाळपासून उपाशी हायेत."

"सोनीला काय म्हणाले, ऐकलंस ना?"

तिचे डोळे भरले. "मी शिकली कशासाठी मंग, मॅडम? ही नोकरी गेली तं दुसरी कोन देते? तुमी फक्त हिरवं हाय तेच लिवा. तुमचं काई खोटं नाई त्यात. यंत्रच म्हनून राह्यलं."

हेच मला भीतीदायक वाटलं. माझं त्यात काहीच खोटं नव्हतं. मी 'आपल्या समूहाच्या मानाने सामान्य' असं लिहून सही केली असती, तर कोणीही माझ्याकडे बोट दाखवलं नसतं. आणि नाल्याकाठच्या जंगलात तीन-साडेतीन वर्षांची पोर एका अशा माणसाबरोबर गेली असती, ज्याला परतीची वाट कोणत्या क्षणी पुसली जाईल हे माहीत नव्हतं. सही करायचा मोह मला झाला नाही असं नाही. सुगुणाचं रडणं बघवत नव्हतं.

"मी हे लिहिणार नाही, सुगुणा," मी म्हटलं. "चिन्नीला तू त्यांच्यावर..." आणि बोलता बोलता माझी नजर खिडकीकडे गेली. पागोटं दिसलं नाही.

आम्ही दोघी एकदमच बाहेर आलो. बाक रिकामा होता. ओसरीवर दुसरी दोन-चार माणसं नंबर लावून बसली होती. एकजण म्हणाला, "ते पटेल? पोरीले घेऊन गेले ना आत्ताच." कुठे गेले ते त्यानं पाहिलं नव्हतं.

मी सोनीला एका बाजूला पाठवलं आणि आम्ही दोघी बाजारात शिरलो. आठवडी बाजारात माणूस शोधणं काय असतं ते शोधणाऱ्यालाच ठाऊक. पांढरं पागोटं म्हणावं तर सगळा बाजार पांढऱ्या पागोट्यांनी भरलेला. मिरच्यांच्या राशी, मोहाची फुलं, कापडाची दुकानं, कोंबड्यांची टोपली, आणि त्या सगळ्यांतून भोंगे वाजवत जाणाऱ्या बसगाड्या. सुगुणा "चिन्नी, चिन्नी" अशी हाक मारत पळत होती आणि प्रत्येक हाकेला तिचा आवाज बारीक होत होता. मला तिच्यामागे पळवत नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे रस्त्यावरच्या लॉऱ्या येत होत्या, गावाबाहेरचं तळं येत होतं, निर्मलकडे सुटलेल्या बसच्या खिडकीत एकटी बसलेली चिन्नी येत होती. मी इतकी वर्षं लोकांना समजावत आले, घाबरू नका, सावकाश आठवा. त्या बाजारात मला पुढे पळणाऱ्या सुगुणाचं नावसुद्धा क्षणभर आठवेना. मी नुसती "बाई, अगं बाई" अशी ओरडत होते.

बसस्टँडजवळ एका बांगडीवाल्यानं आम्हाला हात केला. सुगुणाचा चेहरा बघूनच त्यानं ओळखलं असावं. "बच्ची ढूँढ रहे क्या? उधर देखो, पेड़ के नीचे. एक बाबा को मिली है."

मिली है. सापडली आहे. तो काय म्हणतोय ते माझ्या लगेच ध्यानात आलं नाही.

लिंबाखाली जंगू पटेल मांडी घालून बसले होते. चिन्नी त्यांच्या मांडीत. तिच्या हातात नव्या हिरव्या बांगड्या होत्या, आणि ती त्या वाजवत होती. पटेलांनी एका हातानं तिला घट्ट धरलं होतं, दुसऱ्या हातानं येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून विचारत होते. बांगडीवाल्यानं आम्हाला सांगितलं, बाबा म्हणतात, पोर चुकली आहे, तिच्या घरचं कोणी येईपर्यंत मी इथून हलणार नाही.

सुगुणा त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "आई!" चिन्नी म्हणाली आणि तिनं हात पुढे केले. पटेलांनी पोरीला सोडलं नाही. त्यांनी सुगुणाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, तंटा घेऊन आलेल्या परक्या बाईला न्याहाळावं तसं.

"तू माय हायस का हिची?"

"हव जी," सुगुणा म्हणाली. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"एवढुशा लेकराले बाजारात एकटं सोडते का कोनी? गाड्या हायेत, मानसं हायेत. माह्या बोटाले येऊन लागली म्हून बरं झालं. नाईतर काय केलं असतं तू?" त्यांचा आवाज पटेलकीचा होता, खणखणीत. आजूबाजूची माणसं ऐकू लागली. "कोनाच्या भरवशावर सोडलं होतं इले?"

मी सुगुणाच्या खांद्यावर हात ठेवला. तिला वाटलं असतं तर ती काहीही सांगू शकली असती.

"माह्या सासऱ्याच्या, बाबा."

पटेलांनी मान हलवली. त्यांना फार राग आलेला दिसत होता. त्यांनी चिन्नीला उचलून सुगुणाच्या कडेवर दिलं, तिच्या बांगड्या नीट केल्या आणि म्हणाले, "त्याले माह्याकडं धाडजो. मी बोलतो त्याच्यासंगं."